फ्रेड कीनर : चषक इंग्लंडबाहेर नेणारा कप्तान

आजच्या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा आम्हाला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न आला, "हा फ्रेड कीनर कोण?" प्रश्न रास्त आहे. जुन्या ब्रिटिश फुटबॉलची गोडी असलेले लोकसुद्धा बिली मेरेडिथचं नाव घेतील, स्टॅन्ली मॅथ्यूजचं घेतील. कीनरचं नाव सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. चेंडू पायात आला की प्रेक्षकांनी उठून उभं राहावं, असा तो खेळाडू नव्हताच. धिप्पाड नाही, फार वेगवान नाही, गोल तर क्वचितच करणारा. समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेणं, आपल्या माणसाला देणं, आणि नव्वद मिनिटं ओरडत राहणं, एवढंच त्याचं काम. ते त्याने एकाच क्लबसाठी एकोणीस वर्षं केलं.

इंग्लंडचा एफए कप १८७१-७२ पासून खेळला जातोय. एवढ्या वर्षांत तो चषक इंग्लंडच्या बाहेरच्या क्लबाने एकदाच जिंकला. २३ एप्रिल १९२७ या दिवशी, वेल्समधल्या कार्डिफ सिटीने. राजाच्या हातून तो चषक घेणारा कप्तान म्हणजे फ्रेड कीनर. आता त्या एका दुपारविषयी बोलून आम्ही थांबलो असतो तर अर्ध्या तासात मोकळे झालो असतो. पण त्या दुपारच्या अकरा वर्षं आधी या माणसाचा पाय जायची वेळ आली होती, आणि नंतरची पंचेचाळीस वर्षं तो जवळपास विस्मरणात गेला. एका खेळाडूने खेळाला काय दिलं आणि खेळाने त्याला काय परत दिलं, हा हिशोब मांडायचा तर सगळंच बघायला हवं.

सुरुवात गावापासून करू. कीनर जन्मला ३१ जुलै १८९४ला, कार्डिफमध्ये. हे शहर तेव्हा कोळशावर उभं होतं. म्हणजे खाणी शहरात नव्हत्या, त्या वर डोंगरांच्या खोऱ्यांत, ऱ्होंडा वगैरे भागात. तिथला कोळसा रेल्वेने खाली यायचा आणि कार्डिफच्या गोदीतून जगभर जायचा. त्या कोळशाला धूर कमी आणि आच जास्त, म्हणून आगबोटींना तोच हवा असे. एडनच्या, आपल्या मुंबईच्या बंदरातही वेल्सच्या कोळशाच्या राशी पडायच्या. १९१३ साली दक्षिण वेल्सच्या कोळशाची निर्यात शिखरावर होती. हे साल लक्षात ठेवा, त्याचा आपल्या गोष्टीशी संबंध आहे.

कीनरचे वडील गवंडीकाम करणारे, घर मोठं आणि पोरं बरीच. शाळेत असतानाच तो फुटबॉलमध्ये चमकला आणि १९०७ साली वेल्सच्या शाळकरी संघातून इंग्लंडविरुद्ध खेळला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. दक्षिण वेल्समध्ये लोकांचा जीव रग्बीवर. फुटबॉलचा जोर उत्तरेत, रेक्सहॅमकडे. कार्डिफ सिटी हा क्लब १८९९मध्ये रिव्हरसाइड नावाने सुरू झाला, १९०८मध्ये त्याने 'कार्डिफ सिटी' हे नाव घेतलं आणि १९१०मध्ये निनियन पार्क हे मैदान उभं केलं. ती जागा पूर्वी कचरा टाकायची होती. रग्बीच्या गावात कचऱ्याच्या ढिगावर उभा राहिलेला फुटबॉल क्लब! कीनर १९१२मध्ये तिथे दाखल झाला तेव्हा क्लब इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये नव्हताच, सदर्न लीगमध्ये होता.

मग महायुद्ध आलं.

१९१४च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये फुटबॉलवर मोठी टीका होत होती. तरणी पोरं फ्रान्समध्ये मरतायत आणि इकडे पैसे घेऊन चेंडू खेळताय? त्या दबावातून डिसेंबर १९१४मध्ये लंडनच्या फुलम टाउन हॉलमधल्या सभेत एक खास पलटण उभी राहिली, मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी बटालियन. लोक तिला 'फुटबॉलर्स बटालियन' म्हणू लागले. खेळाडू आणि त्यांचे चाहते एकाच तुकडीत. वॉल्टर टल हा ब्रिटिश सैन्याच्या पहिल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी एक मानला जातो, तो याच पलटणीत भरती झाला होता. कीनर १९१५च्या सुरुवातीला दाखल झाला, वय वीस.

१९१६च्या उन्हाळ्यात ही पलटण सोमच्या लढाईत गेली. आधी डेल्व्हिल वुड, मग गिलमाँ. डेल्व्हिल वुड म्हणजे नावापुरतंच जंगल उरलं होतं, झाडांचे खुंट आणि तोफगोळ्यांचे खड्डे. तिथल्या लढायांत तोफगोळ्याचे तुकडे कीनरच्या मांडीत घुसले. पाय वाचेल का, हीच शंका होती, खेळण्याचं तर सोडाच. पाय वाचला. बरोबरचे कित्येक जण परत आले नाहीत. पुढे ज्या समीक्षकांनी 'कीनर फार आडदांड खेळतो' म्हणून नाकं मुरडली, त्यांनी हे ध्यानात घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं आम्हाला वाटतं. सोमहून परत आलेल्या माणसाला सेंटर फॉरवर्डची भीती काय घालणार?

सैन्यातून सुटल्यावर लगेच फुटबॉल सुरू झाला नाही. काही काळ त्याने गॅस कारखान्यात काम केलं, घरोघरी दूध घातलं. मग निनियन पार्क पुन्हा जागं झालं, आणि इथून पुढची चारपाच वर्षं कार्डिफ सिटीची चढण कोणालाही चक्रावून टाकेल अशी आहे. १९२०मध्ये क्लबाला लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला. पहिल्याच हंगामात ते पहिल्या विभागात चढले. त्या हंगामात बर्मिंगहॅम आणि कार्डिफ यांचे गुण सारखे, ५८-५८. बर्मिंगहॅमला अव्वल स्थान मिळालं ते फक्त गोल अ‍ॅव्हरेजवर. ही गोल अ‍ॅव्हरेजची भानगड कार्डिफला पुढे फार महागात पडणार होती.

त्याआधी कीनर मैदानावर नेमकं काय करायचा, ते समजून घेऊ. आज तुम्ही टीव्हीवर बघता ती रचना त्या वेळी नव्हती. गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि पुढे पाच फॉरवर्ड. ती जी मधली तिघांची ओळ, तिच्यात मधोमध सेंटर हाफ. हा माणूस संघाचा कणा. मागे धावून अडवायचं, पुढे येऊन चेंडू वाटायचा, दोन्ही कामं त्याचीच. कीनर उजवा हाफही खेळला आणि सेंटर हाफही. त्याचं टॅकल म्हणजे एकदा घुसला की चेंडू घेतल्याशिवाय उठायचा नाही. बाकी वेळ तोंड चालू. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कोणाला धरायचं, सगळं तो तिथूनच ओरडून सांगायचा. त्या काळी प्रशिक्षक कडेला उभा राहून सूचना देत नसे. सामना सुरू झाल्यावर जे काही ठरवायचं ते कप्तानानेच. आज आपण कप्तान म्हणजे दंडाला पट्टी आणि नाणेफेक एवढंच समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

१९२३-२४चा हंगाम. दोन गोष्टी झाल्या, एक गोड आणि एक कडू.

गोड आधी. १६ फेब्रुवारी १९२४ला निनियन पार्कवर वेल्स विरुद्ध स्कॉटलंड. वेल्सचा कप्तान फ्रेड कीनर. स्कॉटलंडचा कप्तान जिमी ब्लेअर, हासुद्धा कार्डिफ सिटीचाच. म्हणजे एका देशाचा आणि दुसऱ्या देशाचा कप्तान, दोघे एकाच क्लबात रोज एकत्र सराव करणारे, आणि सामनाही त्यांच्याच मैदानावर. वेल्स २-० जिंकलं. मग इंग्लंडला ब्लॅकबर्नमध्ये २-१ हरवलं, बेलफास्टमध्ये आयर्लंडला १-०. ब्रिटनच्या चार देशांच्या स्पर्धेत तीनही सामने जिंकून वेल्स अजिंक्य! लहानशा देशाला याचं मोल किती असेल, ते वेगळं सांगायला नको.

आता कडू. त्याच हंगामात कार्डिफ सिटी लीगच्या पहिल्या विभागात सर्वात वर होती. शेवटचा सामना ३ मेला बर्मिंगहॅमच्या मैदानावर. जिंकले की विजेतेपद पक्कं. सामना ०-० चालू असताना कार्डिफला पेनल्टी मिळाली. नेहमीचे घेणारे पुढे आले नाहीत, अशी आठवण सांगतात. चेंडू लेन डेव्हिसने घेतला. हंगामात सर्वात जास्त गोल केलेला गडी. पण मारला तो गोलरक्षकाने अडवला. सामना ०-० सुटला. तिकडे हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० हरवलं. दोघांचे गुण ५७.

आता गणित बघा, आम्ही ते कागदावर मांडून आलो आहोत. नियम असा की केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. हडर्सफील्डचे ६० केलेले, ३३ खाल्लेले, भागाकार १.८१८. कार्डिफचे ६१ केलेले, ३४ खाल्लेले, भागाकार १.७९४. फरक ०.०२४. हडर्सफील्ड ३-०ऐवजी २-० जिंकलं असतं तर त्यांचा भागाकार १.७८८ झाला असता आणि विजेतेपद कार्डिफला गेलं असतं. त्या तिसऱ्या गोलाने सगळं ठरलं. आणखी पुढे जा. आज जो नियम आहे, भागाकाराऐवजी वजाबाकी, त्याने पाहिलं तर दोघांचा फरक २७. मग जास्त गोल कोणाचे? कार्डिफचे, ६१. म्हणजे आजच्या नियमाने कार्डिफ विजेते. हा नियम इंग्लंडमध्ये १९७६मध्ये बदलला, तोवर या संघातले बरेच जण हयात नव्हते.

हडर्सफील्डच्या मॅनेजरचं नाव हर्बर्ट चॅपमन. हे नाव पुन्हा येणार आहे.

पुढच्या वर्षी, १९२५मध्ये, कार्डिफ एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचलं. वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडशी गाठ. कप्तान कीनर. हाफबॅक हॅरी वेककडून चेंडू निसटला, फ्रेड टन्स्टॉलने तो पळवला आणि गोल केला. ०-१. हरल्यावर कीनर म्हणाला की आम्ही परत येऊ आणि जिंकून जाऊ, असं सांगतात. हरलेला प्रत्येक कप्तान असं काहीतरी म्हणतोच, त्यामुळे त्याला तेव्हा कोणी फार किंमत दिली नसावी.

त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूसमोर विरुद्ध बाजूचे तीन जण असावे लागत, आता दोन पुरे झाले. वाचायला किरकोळ, पण याने खेळच पालटला. बचावाला पूर्वी एक फुलबॅक पुढे सरकवून सापळा लावता यायचा, तो आता धोक्याचा झाला. गोलांचा पाऊस सुरू झाला. हळूहळू सेंटर हाफला मागे खेचून दोन फुलबॅकच्या मध्ये भिंतीसारखं उभं करायची रीत आली. कीनरसारख्यांची सगळी कारकीर्द मोकळ्या मैदानावर फिरण्यात गेलेली. तिशी ओलांडल्यावर धंद्याची रीतच बदलली तर काय होतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना आपापल्या नोकरीतून ठाऊक असेल.

आणि आता १९२७. पण त्याआधी एक वर्ष मागे जाऊ, कारण १९२६शिवाय १९२७ समजत नाही. युद्धानंतर जहाजं तेलावर चालू लागली होती, युरोपात जर्मनीचा कोळसा फिरत होता, आणि १९२५मध्ये ब्रिटनने पौंड पुन्हा सोन्याच्या जुन्या भावाला बांधल्यामुळे वेल्सचा कोळसा परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. खाणमालकांनी मजुरी कापायची आणि तास वाढवायचे ठरवलं. मे १९२६मध्ये देशभर सार्वत्रिक संप झाला, तो नऊ दिवसांत मिटला. खाणकामगार मात्र मागे हटले नाहीत. उन्हाळा गेला, पावसाळी शरद गेला, घरात खायला नाही, तरी खाणी बंद. शेवटी हिवाळ्याच्या तोंडाशी उपासमारीने हरून ते परतले. कमी मजुरीवर, जास्त तासांवर. दक्षिण वेल्सची ही हार आणि वेम्बलीचा सामना यांच्यात जेमतेम पाच महिने आहेत.

अशा वर्षात कार्डिफने एकेक फेरी पार केली. अ‍ॅस्टन व्हिला, डार्लिंग्टन, बोल्टन, पुनर्सामन्यात चेल्सी, उपांत्य फेरीत रीडिंग. अंतिम सामन्यात समोर आर्सेनल, आणि आर्सेनलचा मॅनेजर कोण? हर्बर्ट चॅपमन. तीन वर्षांपूर्वी ०.०२४ने विजेतेपद नेणारा तोच माणूस.

कार्डिफचा संघ पाहिला तर गंमत वाटते. गोलरक्षक टॉम फार्कर्सन डब्लिनचा. एकूण आयरिश चार, स्कॉटिश तीन, इंग्लिश एक, आणि वेल्श फक्त तीन. कीनर, लेन डेव्हिस आणि एकोणीस वर्षांचा अर्नी कर्टिस. तिघेही कार्डिफचेच. मग हा वेल्सचा विजय म्हणायचा की नाही? हा वाद तेव्हाही झाला असेल. आमचं मत विचाराल तर कार्डिफ हे शहरच असं होतं. गोदीवर आयरिश, सोमाली, येमेनी, नॉर्वेचे खलाशी, सगळे एकत्र राहायचे. त्या शहराचा संघ असाच असणार.

२३ एप्रिलला वेम्बलीत ९१ हजारांवर लोक होते. खोऱ्यांतून खास गाड्या सुटल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी उपाशी पोटी कामावर परतलेल्या लोकांनी तिकिटाचे पैसे कुठून आणले असतील, कोण जाणे. ज्यांना जाता आलं नाही त्यांच्यासाठी त्या वर्षी एक नवी सोय होती. एफए कपचा अंतिम सामना प्रथमच बीबीसीच्या रेडिओवरून थेट ऐकवला गेला. श्रोत्यांना समजावं म्हणून मैदानाचा नकाशा चौकोनांत वाटून छापला होता. एक जण खेळाचं वर्णन करायचा आणि दुसरा मधूनमधून चौकोनाचा आकडा सांगायचा. म्हणजे नकाशा समोर ठेवला की चेंडू कुठे आहे ते कळे. कार्डिफमध्ये लोक कॅथेज पार्कमध्ये ध्वनिक्षेपकांभोवती जमले होते. सामन्याआधी वेम्बलीत जमलेल्या लोकांनी एक प्रार्थनागीत म्हटलं, तेही त्या वर्षीपासून रूढ झालं.

खेळ म्हणाल तर काही फार देखणा नव्हता. आर्सेनलने दाबून पाहिलं. कार्डिफचा बचाव, म्हणजे कीनर आणि कंपनी, हलला नाही. ७४व्या मिनिटाला स्कॉटिश सेंटर फॉरवर्ड ह्यूई फर्ग्युसनने जमिनीलगत एक फटका मारला. जोर फार नव्हता. आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईस गुडघ्यावर बसून चेंडू धरायला गेला, तो त्याच्या हाताखालून निसटला, लुईस वळून त्याला पकडायला गेला आणि त्याच्याच कोपराने चेंडू रेषेपलीकडे ढकलला गेला. १-०. लुईस कुठला? वेल्सचा. मग काय, अफवांना ऊत! मुद्दाम सोडला म्हणून त्या बिचाऱ्यावर संशय घेतला गेला. बोट दाखवलं गेलं ते त्याच्या नव्या जर्सीकडे. नव्या लोकरीवर चिकटपणा असतो, त्यावरून चेंडू घसरला. त्यानंतर आर्सेनलमध्ये गोलरक्षकाची जर्सी धुऊनच मैदानात आणायची प्रथा पडली, अशी गोष्ट आहे. सामन्यानंतर लुईसने आपलं उपविजेतेपदाचं पदक फेकून दिलं आणि त्याच्या एका वेल्श सहकाऱ्याने ते उचलून आणलं, असंही सांगतात.

उरलेली सोळा मिनिटं म्हणजे कीनरचा सामना. पुढे जायचं नाही, चेंडू मैदानाबाहेर काढायचा, माणसं जागेवर ठेवायची. शिटी वाजली. राजे पाचवे जॉर्ज यांनी चषक कीनरच्या हातात दिला. दोन वर्षांपूर्वीचा शब्द खरा झाला. दुसऱ्या दिवशी कार्डिफच्या रस्त्यांवर जी गर्दी लोटली तिचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, तेव्हा आम्ही आकड्यात शिरत नाही. गाड्यांतून उतरलेल्या संघाला नगरभवनापर्यंत पोचायलाच फार वेळ लागला एवढं खरं. त्याच वर्षी वेल्श कप आणि चॅरिटी शील्डही कार्डिफने जिंकली.

आता पैशांबद्दल बोलू. व्याख्यानानंतर हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच. १९२२पासून इंग्लिश लीगमध्ये कोणत्याही खेळाडूला हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड आणि उन्हाळ्यात ६ पौंड देता यायचे. याहून जास्त देणं क्लबाला गुन्हा. कुशल कामगाराच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे वाईट नाही. पण हे पस्तिशीपर्यंतच. त्यात 'रिटेन अँड ट्रान्सफर' नावाची पद्धत. हंगाम संपला तरी क्लबाने नोंदणी सोडली नाही तर खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे, आणि विकला तर किंमत क्लबाच्या खिशात. १९२८मध्ये आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी १० हजार पौंडांवर मोजले, त्यातले जॅकच्या हाती फारसे काही पडले नाहीत. पाच वर्षं सेवा केली की क्लबाच्या मर्जीने ६५० पौंडांपर्यंत 'बेनिफिट' मिळे. मर्जीने, हक्काने नव्हे. चषक जिंकलेल्या कप्तानाची पुंजी एवढ्यातच बसवायची.

आणि मग घसरण. चढण जेवढी झपाट्याची तेवढाच उतार. १९२८-२९मध्ये कार्डिफ पहिल्या विभागात तळाला गेलं आणि खाली उतरलं. यातला विचित्र प्रकार असा की त्या वर्षी संपूर्ण विभागात सर्वात कमी गोल, ५९, कार्डिफनेच खाल्ले होते. म्हणजे कीनरच्या बचावाने आपलं काम केलं. गोल करणारेच उरले नव्हते. फर्ग्युसन १९२९मध्ये डंडीला गेला. तिथे सूर लागला नाही, प्रेक्षक मागे लागले, आणि जानेवारी १९३०मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वेम्बलीच्या गोलाला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

१९३१मध्ये कार्डिफ तिसऱ्या विभागात घसरलं. १९३४मध्ये तिथेही तळाला, आणि लीगमध्ये राहू द्या म्हणून मतं मागायची पाळी आली. एकटं कार्डिफच नव्हे. अ‍ॅबर्डेअर १९२७मध्ये लीगमधून गेलं, मर्थर १९३०मध्ये. खोऱ्यांत काम नव्हतं. १९३२मध्ये वेल्समधला विमाधारक कामगारांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बेकार होता. माणसं इंग्लंडकडे निघाली होती. तिकीट कोण काढणार? १९१३चं शिखर लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. १९१३ते १९३१, कोळसा आणि कार्डिफ सिटी एकाच उतारावर होते. मधली सातआठ वर्षं क्लबाने उतारावर चढून दाखवलं, हेच नवल.

याच उतारावर कीनरची आमची आवडती गोष्ट घडली. ऑक्टोबर १९३०, ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर वेल्सचा सामना स्कॉटलंडशी. इंग्लिश लीगच्या क्लबांनी दुसऱ्या देशांच्या सामन्यांसाठी खेळाडू सोडायला नकार दिला होता. वेल्सने मिळेल तिथून माणसं गोळा केली. खालच्या विभागांतले, लीगबाहेरचे, बहुतेकांचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. वर्तमानपत्रांनी त्यांना 'कीनरची अनोळखी मंडळी' असं नाव ठेवलं. किती गोलांनी हरणार, एवढाच प्रश्न होता. कप्तान छत्तीस वर्षांचा. खोलीत त्याने पोरांना सांगितलं म्हणे की ते अकरा, आपण अकरा, मैदानात चेंडू एकच, आणि तो आपला आहे. शब्द नेमके हेच होते का, ते सोडा. निकाल नोंदलेला आहे. रेक्सहॅमच्या टॉमी बॅमफर्डने सुरुवातीलाच गोल केला, स्कॉटलंडने बरोबरी साधली, आणि सामना १-१ सुटला. वेम्बलीचं पदक मोठं, हे मान्य. पण कप्तान कशाला म्हणतात हे आम्हाला आयब्रॉक्समध्ये जास्त दिसतं.

१९३१मध्ये एकोणीस वर्षांनी कार्डिफने त्याला सोडलं. तो क्रू अलेक्झांड्राकडे, तिसऱ्या विभागात गेला. तिथूनही वेल्ससाठी खेळला. १९२० ते १९३२ असे एकूण ३२ सामने. वर्षाला तीनच सामने व्हायचे त्या काळात ३२ म्हणजे किती, ते लक्षात घ्या. मग ऑस्वेस्ट्री, मग केंटमधलं टनब्रिज वेल्स, दोन्हीकडे खेळाडू-मॅनेजर. मधुमेह निघाला आणि खेळ सुटला. पुढे केंटमध्येच कोंबड्या पाळल्या. पन्नाशीच्या दशकाअखेरीस कार्डिफला परतला आणि बांधकामाच्या कामावर साधी नोकरी धरली. चषक उंचावलेल्या शहरात, साठी ओलांडल्यावर.

यात त्याची तक्रार कुठे सापडते का, असं विचाराल. आमच्या वाचनात ठळक अशी आली नाही. तक्रार आम्हीच करतो आहोत. हजारो लोक ज्याच्यामुळे निनियन पार्कवर आले, त्याच्या म्हातारपणाची तरतूद करणं खेळाच्या कोणत्याच नियमात नव्हतं. कमाल वेतनाची मर्यादा उठली १९६१मध्ये, कीनरला तेव्हा ६६ वर्षं पूर्ण झाली होती. १९ ऑक्टोबर १९७२ला कार्डिफमध्येच त्याचं निधन झालं.

२००८मध्ये कार्डिफ सिटी पुन्हा एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचलं आणि पोर्ट्समथकडून ०-१ हरलं. त्या निमित्ताने १९२७च्या संघाची नावं पुन्हा छापून आली. निनियन पार्क पाडलं गेलं, रस्त्यापलीकडे नवं स्टेडियम झालं, आणि नोव्हेंबर २०१२मध्ये त्याच्या दारात चाहत्यांच्या पुढाकाराने कीनरचा पुतळा बसला. हातात चषक आहे. पडद्यावर आता जे छायाचित्र दिसतंय ते त्याचंच. पायांकडे नीट बघा, बूट जुन्या धाटणीचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. गोल अ‍ॅव्हरेजचं गणित पुन्हा हवं असेल तर कागद आमच्याकडे आहे.